कल्याण-डोंबिवली : एका छोट्या देशाचा जमाखर्च

२०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १२ लाख ४७ हजार भरली. त्याच वर्षाच्या अखेरीस युरोपच्या ईशान्य टोकाला, बाल्टिक समुद्राकाठी वसलेल्या एस्टोनिया या देशानेही आपली माणसे मोजली. ती १२ लाख ९४ हजार निघाली. आपल्या एका महापालिकेएवढा हा देश. त्याला स्वतःची संसद आहे, सैन्य आहे, परराष्ट्र खाते आहे आणि आपल्या भाषेचा कमालीचा अभिमान आहे. विभाजनापूर्वीचा आपला ठाणे जिल्हा तर त्याच जनगणनेत १ कोटी १० लाखांवर जाऊन देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक ही राष्ट्रेही त्याच्यापुढे लहानच.

ही तुलना मौजेखातर केलेली नाही. देश कितीही लहान असला तरी त्याला आपला जमाखर्च मांडावाच लागतो. आपण काय पिकवतो, काय घडवतो, बाहेरून काय आणतो, त्याचे मोल कशाने चुकते करतो, हे प्रश्न तेथे दरवर्षी अर्थमंत्र्याला विचारले जातात आणि उत्तर चुकले की चलन कोसळते. शहराच्या नशिबी अशी परीक्षा नसते. कल्याण-डोंबिवलीचे वेगळे चलन नाही. ते घसरत नाही आणि म्हणून धोक्याची घंटाही वाजत नाही. एके काळी निदान जकात नाके होते. गावात कोणता माल येतो याची नोंद त्या कळकट खोपटांतून का होईना, होत असे. पुढे जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महापालिका राज्याच्या भरपाईवर विसंबून राहिल्या. नाक्यावरची लाचलुचपत संपली हे उत्तमच झाले. मात्र शहराच्या आर्थिक सीमेवर उभा असलेला अखेरचा पहारेकरीही त्याबरोबर गेला.

तेव्हा आपणच हा जमाखर्च मांडून पाहू. तो मांडण्याची निकड का आहे हे ओघात स्पष्ट होईलच.

हा भूभाग मुळात इतरांच्या मजुरीवर जगणारा नव्हता. ठाणे म्हणजे शिलाहारांचे 'स्थानक', उत्तर कोकणच्या राज्याची राजधानी. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याचा उल्लेख राज्य म्हणूनच केला असून येथून कातडी व सुती कापड निर्यात होत असल्याचे नोंदवले आहे. कल्याण त्याहून प्राचीन. ग्रीक खलाशांच्या माहितीपुस्तकात 'कॅलिएना' म्हणून ते येते आणि कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे कोरलेली आढळतात. १६५७ मध्ये शिवरायांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि येथील खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ केला. मराठ्यांच्या आरमाराची मुहूर्तमेढ येथे रोवली गेली याचे कारण निव्वळ खाडी हे नव्हते. सुतार, लोहार, दोर वळणारे, शिडे शिवणारे असे कसबी हात आणि जवळच्या डोंगरातील लाकूड येथे एकत्र मिळत होते. आजच्या भाषेत बोलायचे तर ते एक औद्योगिक क्षेत्रच होते.

रेल्वे आल्यावरही हा उद्योगी स्वभाव लोपला नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोहोचली, पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणला भिडला. तेथून एक फाटा नाशिककडे, दुसरा पुण्याकडे गेला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने अंबरनाथला रसायनांचा कारखाना उभारला. 'विमको'च्या काड्यापेट्या अंबरनाथहून घरोघरी गेल्या. ठाण्याला रेमंडचे लोकरी कापड विणले जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर मोहने येथे नॅशनल रेयॉन आणि शहाडला सेंच्युरी रेयॉन उभे राहिले. फाळणीच्या आगीतून उठून आलेल्या सिंधी बांधवांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे नामकरण उल्हासनगर झाले आणि कोणाच्याही दारी हात न पसरता त्यांनी दोन खोल्यांच्या बराकीत शिलाई यंत्रे मांडली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्माला आले तेही ठाण्याच्या वागळे इस्टेटीच्या साक्षीने. त्यापाठोपाठ डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि ठाणे-बेलापूर पट्टा. पोखरण रस्ता, कोळशेत, माजिवडे या भागांत औषधे, रंग, यंत्रे बनत. सकाळी भोंगा होई आणि सायकलींची रांग फाटकातून आत शिरे. ज्या पिढीने हे पाहिले ती अजून हयात आहे.

मग हे सारे गेले कोठे?

संप, टाळेबंदी, वीजदर, जकात, जुनाट यंत्रे, परदेशी मालाची स्पर्धा अशी अनेक कारणे सांगितली जातात आणि त्यांतील प्रत्येकात तथ्य आहे. १९९४ मध्ये डोंबिवलीजवळ प्रीमियरच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या मोटारी बनू लागल्या तेव्हा किती आशा होत्या! तीन-चार वर्षांत कामगारांचा असंतोष आणि भागीदारांचे बेबनाव यांनी तो डाव मोडला. परंतु या सर्वांच्या मुळाशी एक साधे गणित आहे आणि त्याकडे आपण पुरेसे पाहत नाही. मुंबई फुगली, तिला राहायला जागा उरली नाही, आणि ठाण्या-कल्याणच्या कारखान्याखालची जमीन कारखान्यापेक्षा महाग झाली. ज्या दिवशी हे घडते त्या दिवशी उद्योजकाला कारखाना चालवणे हा तोट्याचा व्यवहार वाटू लागतो, मग तो नफ्यात का असेना. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा अडसर महाराष्ट्रात २००७ च्या नोव्हेंबरात दूर झाला आणि औद्योगिक जमिनीवर निवासी बांधकामाची परवानगी मिळण्याची वाट नियमांतून आधीच काढून ठेवलेली होती. २०१७ मध्ये पोखरण रस्त्यावरील ग्लॅक्सोची ६० एकर जमीन ५५५ कोटी रुपयांना एका बांधकाम कंपनीने घेतली. कोळशेतच्या क्लॅरिअंट या रसायन कंपनीची जमीन त्याआधीच गृहबांधणीकडे गेली होती. रेमंडने २०१९ मध्ये आपल्याच जमिनीवर गृहसंकुल जाहीर करून वस्त्रोद्योगाबरोबर घरबांधणीचाही उद्योग आरंभला. यात बेकायदा काही नाही. भागधारकांच्या हिताचा विचार करणारा कोणताही व्यवस्थापक हेच करील. त्यामुळे व्यक्ती वा कंपनीवर रोष धरण्याचे कारण नाही. नियमच असे असतील तर निष्पत्तीही अशीच होणार.

मोहन्याची कथा मात्र वेगळ्या दुःखाची आहे. नॅशनल रेयॉन, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'एनआरसी', २००९ च्या नोव्हेंबरात बंद पडली. हजारो कामगारांचे पगार आणि हक्काची देणी अडकली. वसाहतीतील घरे एकेक करून ओस पडली. देण्यांसाठीचे लढे वर्षानुवर्षे चालले आणि पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून कंपनी अदानी समूहाकडे गेली. आंबिवली स्थानकात उतरणाऱ्या गर्दीत त्या कामगारांची मुले आजही असतात. फरक इतकाच की बाप पायी कामावर जात असे, मुलगा पहाटेची गाडी पकडतो.

येथे पुन्हा एस्टोनियाकडे वळू, कारण तेथेही नेमकी अशीच एक गिरणी होती. नार्वा नदीच्या धबधब्यावर १८५७ मध्ये सुरू झालेली क्रेनहोल्म ही कापडगिरणी एके काळी जगातील सर्वांत मोठ्या गिरण्यांत गणली जाई. सोव्हिएत राजवटीत तिचा माल रशियाच्या अफाट बाजारपेठेत खपत होता. २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने स्वातंत्र्याची पुनःस्थापना केली आणि तो बाजार हातचा गेला. क्रेनहोल्म कशीबशी तगली आणि २०१० मध्ये, आपल्या एनआरसीनंतर एका वर्षाने, दिवाळखोर ठरली. नार्वा हे शहर त्या धक्क्यातून अद्याप पुरते सावरलेले नाही. म्हणजे स्थित्यंतराची किंमत त्यांनीही मोजली आहे. सोव्हिएत जोखडातून सुटल्यावरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या देशाचे उत्पन्न एक तृतीयांशाच्या आसपास घटले होते. १९८९ मध्ये साडेपंधरा लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या २०११ पर्यंत तेरा लाखांच्या खाली आली, ती काही अंशी परत गेलेल्या रशियनांमुळे आणि काही अंशी पोटासाठी बाहेर पडलेल्या तरुणांमुळे.

तथापि त्यांनी केलेल्या काही गोष्टी नोंद घेण्याजोग्या आहेत. जून १९९२ मध्ये त्यांनी 'क्रून' हे आपले चलन आणले आणि आठ क्रूनला एक जर्मन मार्क या दराने ते बांधून टाकले. हाती परकीय साठा असेल तेवढ्याच नोटा छापायच्या, हा दंडक त्यांनी स्वतःला घालून घेतला. त्याच वर्षी मार्ट लार हे बत्तीस वर्षांचे इतिहासाचे अभ्यासक पंतप्रधान झाले. (अर्थतज्ज्ञांना हा मान मिळाला असता तर कदाचित एवढे धाडस झाले नसते!) १९९३ पासून तेथे इमारतीवर नव्हे तर जमिनीच्या मूल्यावर कर आकारला जातो आणि तो स्थानिक संस्थांना मिळतो. जमीन नुसती अडवून ठेवणाऱ्याला त्यामुळे झळ बसते. २००० सालापासून कंपनीने नफा वाटला तरच कर. तो पुन्हा व्यवसायात गुंतवला तर कर नाही. शाळाशाळांत संगणक पोहोचवण्याची मोहीम नव्वदच्या दशकातच हाती घेतली गेली. 'स्काइप' ही प्रणाली २००३ मध्ये ज्या अभियंत्यांनी घडवली ते याच देशाचे. ती पुढे परक्यांच्या हाती गेली आणि २०२५ मध्ये बंदही झाली, परंतु तिच्यातून पैसा व अनुभव मिळवलेल्या माणसांनी आणखी कितीतरी उद्योग काढले.

आणि सर्वांत बोलके उदाहरण राजधानी तालिनमधील. १८९९ मध्ये स्थापन झालेला 'द्विगातेल' हा रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना सोव्हिएत काळात लष्करी उत्पादनाचे गुप्त केंद्र झाला होता. स्वातंत्र्यानंतर तो बंद पडला. विमानतळाला लागून असलेली त्याची जमीन घरांसाठी विकून टाकणे सोपे होते. तेथे २००५ पासून 'उलेमिस्ते सिटी' नावाची उद्योगनगरी उभी राहिली. जुन्या भिंतींच्या आत आज तंत्रज्ञान कंपन्या आहेत आणि दहा हजारांहून अधिक लोक तेथे कामाला येतात. कारखाना गेला, पण कामाची जागा कामाचीच राहिली. पोखरण रस्त्यावरून जाताना हा फरक मनात टोचल्याशिवाय राहत नाही.

एस्टोनियाने एकदा आपलीच वाट धरली होती, तेही सांगितले पाहिजे. २००४ मध्ये युरोपीय संघात प्रवेश मिळाल्यावर स्वीडनच्या बँकांनी तेथे स्वस्त गृहकर्जांचा पूर आणला. घरांच्या किमती चढल्या, बांधकाम हाच मोठा उद्योग झाला, पगार वाढले, सगळे खूश होते. २००८ मध्ये फुगा फुटला. २००९ या एका वर्षात देशाचे उत्पन्न १४ टक्क्यांहून अधिक घसरले आणि २०१० च्या आरंभी पाचांतील एक काम शोधणारा रिकाम्या हाताने फिरत होता. हजारो पुरुष आठवड्याच्या आरंभी जहाजाने खाडी ओलांडून फिनलंडमध्ये बांधकामावर जात आणि शेवटी परत येत. तालिन ते हेलसिंकी हे अंतर सुमारे ८० किलोमीटर. तेथे वृत्तपत्रांत या कुटुंबांच्या ताटातुटीची चर्चा झाली, ती राष्ट्रीय समस्या मानली गेली.

डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ४८ किलोमीटर आहे, कल्याणहून ते ५४ भरते. आपल्याकडे आठवड्यातून एकदा नव्हे, रोज ताटातूट होते. फक्त तिला कोणी समस्या म्हणत नाही, 'अप-डाऊन' म्हणतात.

आता जमाखर्च पाहू. जमेच्या बाजूला मुख्य रक्कम एकच : मुंबई, नवी मुंबई, पुणे किंवा परदेश येथून येणारा पगार. कोकणच्या अर्थव्यवस्थेला आपण वर्षानुवर्षे 'मनीऑर्डर अर्थव्यवस्था' म्हणत आलो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून माणसे मुंबईला गेली आणि महिन्याला पैसे गावी धाडत राहिली; गाव त्यावर जगले, पण वाढले नाही. डोंबिवलीत त्याच कोकणातून आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या लक्षात आले आहे की नाही कोण जाणे, परंतु त्यांचे नवे गावही आता मनीऑर्डरवरच चालते. पोस्टमनऐवजी संध्याकाळची जलद लोकल ती आणते, एवढेच.

खर्चाच्या बाजूला नोकरदार कुटुंबाचे महिन्याचे हिशेब ठेवा. सर्वांत मोठा वाटा घराच्या हप्त्याचा. घर येथे उभे आहे खरे, पण त्याचे सिमेंट, पोलाद, फरशी, उद्वाहन सारे बाहेरचे आणि विकासकाचा नफाही बहुधा बाहेरच जाणारा. भाजी जुन्नर-नाशिकची, दूध पश्चिम महाराष्ट्र वा गुजरातचे, कपडे, औषधे, भ्रमणध्वनी यांबद्दल बोलायलाच नको. गावात फिरणारा पैसा उरतो तो रिक्षावाल्याचा, घरकाम करणाऱ्या भगिनींचा, शिकवणीच्या सरांचा, डॉक्टरांचा आणि पोळीभाजी केंद्राचा. हे पोळीभाजी केंद्र म्हणजे लोकलच्या वेळापत्रकाच्या पोटी जन्मलेला डोंबिवलीचा खास उद्योग. रात्री आठला गाडीतून उतरणाऱ्या गृहिणीने कणीक कधी मळावी? त्या उद्योगाने शेकडो घरांना हातभार लावला हे कबूल करूनही असे वाटते की साडेबारा लाखांच्या नगरीने अभिमानाने दाखवावे असे याहून अधिक काही असावयास हवे.

जमेला आणखी एक रक्कम आहे, ती जमीनविक्रीची. शेतकऱ्याने शेत विकले, कारखानदाराने कारखाना, गिरणीवाल्याने गिरणी. महापालिकेच्या तिजोरीतही बांधकाम परवान्यांचे विकास शुल्क आणि नव्या इमारतींचा मालमत्ता कर यांचे स्थान मोठे. परंतु जमीन एकदाच विकता येते. घरातील सोने मोडून किराणा भरणाऱ्या गृहस्थास आपण श्रीमंत म्हणत नाही. एखाद्या देशाने असे केले तर अर्थशास्त्री त्यास धोक्याचा इशारा देतात. शहराने केले की त्याला 'विकास' म्हणतात आणि फलक लागतात.

कोणी म्हणेल, सेवाक्षेत्राच्या युगात कारखान्यांचा शोक कशाला? डोंबिवलीकर अभियंता बँकेच्या संगणक विभागात असेल, नवी मुंबईच्या संकुलात असेल, त्याला कारखान्याच्या चार पट पगार आहे. हा आक्षेप वजनदार आहे. वागळे इस्टेटीतील जुन्या गाळ्यांच्या जागी तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आली आणि ठाणे शहराला त्याचा लाभ झाला, हेही मान्य. म्हणूनच ठाण्याची स्थिती कल्याण-डोंबिवलीपेक्षा बरी आहे. ठाण्यात निदान काही माणसे सकाळी उतरतात. कल्याण, डोंबिवली, दिवा येथे सकाळी माणसे केवळ चढतात. मुद्दा कारखाना की कार्यालय हा नसून काम गावात आहे की नाही हा आहे.

ते नसण्याची किंमत पैशात मोजता येत नाही. घर ते कार्यालय आणि परत यात दिवसाचे अवघे तीन तास गेले असे धरले तरी वर्षाच्या २८० कामाच्या दिवसांत ८४० तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर ते १०५ दिवस झाले. वर्षातील साडेतीन महिने माणूस लोखंडी कांबीला लोंबकळून काढतो. या तासांतच मुलाचा अभ्यास घेणे, आईवडिलांना डॉक्टरांकडे नेणे, ग्रंथालयाच्या बैठकीस जाणे, शाखेत वेळेवर पोहोचणे व्हावयाचे होते. आपल्या कार्यकर्त्यांना संध्याकाळच्या कामासाठी माणसे का मिळत नाहीत याचे उत्तर निष्ठेच्या अभावात शोधण्याआधी वेळापत्रकात शोधावे. लहान मूल असलेल्या किती सुशिक्षित स्त्रियांनी केवळ या प्रवासापायी नोकरी सोडली, याची तर मोजदादच झालेली नाही. आणि ९ जून २०२५ ची सकाळ विसरता येत नाही. मुंब्र्याच्या वळणावर दोन खचाखच भरलेल्या लोकलच्या दारांतील प्रवासी एकमेकांना घासून रुळांवर पडले आणि काही घरे त्या दिवशी उघडी पडली. स्वयंचलित दारे हवीत, अधिक फेऱ्या हव्यात, हे सारे खरे. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कल्याणातच झाले. या प्रकल्पांचे स्वागतच आहे. पण आपली प्रत्येक मागणी बाहेर जाण्याची वाट रुंद करण्याची असते. बाहेर जावे लागू नये अशी मागणी कोणत्या प्रवासी संघटनेच्या निवेदनात वाचल्याचे स्मरत नाही.

आता कळीचा प्रश्न, ज्यासाठी हा लेखप्रपंच. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये भीषण स्फोट झाले. अनेकांचे प्राण गेले, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. त्याआधी २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये गुलाबी रस्ता डोंबिवलीकरांनी पाहिला होता. वसाहतीला लागून निवासी इमारती उभ्या राहू दिल्या हा नियोजनाचा दोष. धोकादायक रसायनांचे कारखाने येथून हलवण्याचे शासनाने जाहीर केले आणि नागरिकांनी त्याचे स्वागत केले. ते योग्यच आहे. माणसाच्या जिवापुढे कोणताही उद्योग मोठा नाही.

पण कारखाने हलल्यावर त्यांच्याखालच्या जमिनीचे काय होणार? या एका प्रश्नावर पुढच्या पन्नास वर्षांची डोंबिवली ठरणार आहे. ती जमीन शेतकऱ्यांकडून सार्वजनिक कारणासाठी संपादित झालेली आहे. उद्योगासाठी म्हणून ती सवलतीने दिली गेली. तेथे आणखी वीस-तीस मजली मनोरे उभे राहिले तर दर सकाळी आणखी काही हजार माणसे त्याच फलाटावर येऊन उभी राहतील. याउलट तेथे धूर न सोडणारे उद्योग आले, यंत्रांचे सुटे भाग, विद्युत उपकरणे, वैद्यकीय साधने, खाद्यप्रक्रिया, छपाई, संगणकीय कार्यालये, तर तालिनच्या 'द्विगातेल'प्रमाणे कामाची जागा कामाची राहील. सरळ विक्री करण्याऐवजी बहुमजली औद्योगिक गाळे बांधून भाड्याने द्यावेत, म्हणजे भांडवल नसलेल्या तरुणालाही यंत्र मांडता येईल. उल्हासनगरच्या बराकींत हेच तर घडले होते. तेथे कोणी भव्य प्रकल्प आणला नव्हता. छोटी जागा, एक यंत्र आणि घरातील चार हात एवढ्यावर बाजारपेठ उभी राहिली.

भांडवलाचे काय, असे विचारले जाईल. त्याबाबतीत हा परिसर भाग्यवान आहे. १९७० मध्ये डोंबिवलीत, १९७२ मध्ये ठाण्यात, १९७३ मध्ये कल्याणात मध्यमवर्गीयांनी आपल्या तुटपुंज्या बचतीतून सहकारी बँका उभ्या केल्या. डोंबिवली नागरी, ठाणे जनता, कल्याण जनता ही नावे आज राज्याबाहेरही परिचित आहेत. त्यांच्या स्थापनेत आपल्या विचारांच्या कार्यकर्त्यांनी घाम गाळला आहे, त्यामुळे त्यांच्याकडे हक्काने मागणे मागता येईल. घरासाठीचे कर्ज सुरक्षित असते, यंत्रासाठीचे जोखमीचे, हे बँकेच्या व्यवस्थापकास शिकवण्याची गरज नाही. तरीही गावातील ठेवींचा ठरावीक अंश गावातील उत्पादनासाठी राखावा, त्यात अपयश येईल ते सोसण्यापुरती तरतूद करावी, एवढे संचालकांना सुचवता येईल. ठाणे आणि अंबरनाथ येथील आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलाला आज मोटारसायकलीसाठी कर्ज सहज मिळते, लेथ यंत्रासाठी मिळताना नाकीनऊ येतात. हे उलटे व्हावयास हवे.

औद्योगिक क्षेत्रात महामंडळ हेच विशेष नियोजन प्राधिकरण आहे. त्याबाहेरच्या जमिनींचा आराखडा महापालिका करते. नकाशात निवासी भाग पिवळ्या रंगाने आणि औद्योगिक भाग जांभळ्या रंगाने दाखवतात. जांभळ्याचा पिवळा होण्याआधी सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि नागरिकांना हरकती नोंदवण्यासाठी मुदत द्यावी लागते. ही सूचना बहुधा वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टंकात येते. 'कामा' अर्थात कल्याण-अंबरनाथ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही उद्योजकांची संघटना आपल्या परीने लढते, पण तिचा आवाज उद्योजकांचा आवाज म्हणून बाजूला सारणे सोपे असते. गृहनिर्माण संस्थांनी, प्रवासी संघटनांनी, महिला मंडळांनी लिहिलेल्या हरकतींचे तसे करता येत नाही. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानने सुरू केलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा महाराष्ट्रभर पोहोचली. त्या एका सकाळी गल्लोगल्लीचे गट ठरल्या वेळी रस्त्यावर येतात. त्या गटांपैकी प्रत्येकाने एका जाणकार निवृत्त गृहस्थाकडे हे बारीक टंकातले पान रोज वाचण्याचे काम सोपवावे, आणि सूचना दिसताच आपल्या संकुलातील सभासदांच्या सह्यांनिशी हरकत महामंडळाच्या व महापालिकेच्या कार्यालयात पोहोच घेऊन दाखल करावी.